डांबराचं ठिगळ

आप्पा शेजारच्या सीटवर असले की पुसेगावच्या रस्त्याला मी जरा जपूनच गाडी चालवतो. खड्ड्यांबद्दल ते काही बोलत नाहीत. पण खड्डा बुजवून वर ताजं डांबर ओतलेलं दिसलं की त्यांचा उजवा पाय नसलेल्या ब्रेकवर दाबला जातो आणि ते म्हणतात, "कडंनं घे." लहानपणी मला वाटायचं, टायरला डांबर चिकटू नये म्हणून म्हणत असतील.

खरं कारण कॉलेजात गेल्यावर कळलं. आप्पा आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये ड्रायव्हर होते. ऑगस्ट १९८७ पासून मार्च १९९० पर्यंत, मधल्या रजा सोडल्या तर, ते भारतीय शांतिसेनेबरोबर श्रीलंकेत शक्तिमान ट्रक चालवत होते. पलालीच्या विमानतळावरून जाफन्याकडे रेशन न्यायचं. वेगळ्या तमिळ राज्यासाठी लढणाऱ्या लिट्टेची पोरं रात्रीतून रस्ता उकरून, नाहीतर मोरीखाली, सुरुंग पेरायची. सकाळी सुरुंग शोधणारी रोड ओपनिंग पार्टी पायी पुढं आणि यांच्या गाड्या मागं. "डांबराचा रंग जरा जरी येगळा दिसला की पोटात गोळा यायचा," एवढंच ते सांगतात.

पहिल्या आठवड्यात मात्र लोकांनी हार घातले होते, शहाळी दिली होती. २९ जुलै १९८७ ला कोलंबोत राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी तिथलं तमिळ-सिंहली भांडण मिटवायच्या करारावर सह्या केल्या. शस्त्रं लिट्टेनं खाली ठेवायची होती, आणि त्यांची सहीच नव्हती. आमच्याकडं बांधाच्या भांडणात एका भावाची आणि सरपंचाची सही झाली आणि दुसऱ्या भावाचा अंगठाच नसला, तर त्या कागदाला कोण विचारतं? सिंहली बाजूलाही संताप होताच. दुसऱ्याच दिवशी मानवंदना घेताना एका नौसैनिकानं राजीव गांधींवर बंदुकीचा दस्ता उगारला.

ऑक्टोबरात हार संपले, लिट्टेविरुद्ध 'ऑपरेशन पवन' सुरू झालं. २५ नोव्हेंबरला ८ महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन छातीत गोळी घेऊन लढता लढता गेले. मुंबईत जन्मलेले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. जाफन्याच्या हॉस्पिटलात आपल्या जवानांच्या गोळीबारात डॉक्टर, नर्स, रुग्ण मेले, तेही त्याच ऑक्टोबरातलं. आप्पा त्याबद्दल बोलत नाहीत. मी एकदा विचारलं तर उठून गोठ्यात गेले. शांतिसेनेच्या 'आयपीकेएफ' या इंग्रजी आद्याक्षरांचा तिथल्या लोकांनी 'निरपराध माणसं मारणारी फौज' असा अर्थ लावला होता, हे मात्र त्यांनीच मला सांगितलं.

त्यांच्या बोलण्यात एकच माणूस पुन्हा पुन्हा येतो. त्रिंकोमालीतलं सतरा-अठरा वर्षांचं एक पोरगं. गाड्या धुवायला यायचं. पाना, जॅक, चाक असे आप्पांचे शब्द शिकलं होतं. सौदा करताना दुभाष्याचं कामही करायचं. पुढं ते एक दिवस आलंच नाही. पंधरवड्यानं दिसलं ते खाकी कपड्यांत, हातात रायफल. भारताच्या पाठिंब्यावर उत्तर-पूर्व प्रांतात ईपीआरएलएफ या लिट्टेविरोधी तमिळ गटाचं सरकार आलं होतं, वरदराज पेरुमाळ मुख्यमंत्री. आपण निघून गेल्यावर ते टिकावं म्हणून 'तमिळ नॅशनल आर्मी' उभी करायची होती. तिच्यासाठी तरुण पोरं रस्त्यावरून, घरांतून उचलत होते. हत्यारं आपली, शिक्षण आपलं. पण त्या पोरांना त्या दिवसापासून गद्दार ठरवणारे शेजारच्याच गल्लीत होते.

तिकडं कोलंबोत प्रेमदासा राष्ट्राध्यक्ष झाले. १ जून १९८९ ला त्यांनी जाहीर सांगून टाकलं की भारतीय फौजेनं जुलैअखेर चालतं व्हावं. एवढ्यावर थांबले नाहीत. आपल्याशी लढायला त्यांनी लिट्टेलाच हत्यारं पुरवली. ज्या सरकारनं आपल्याला बोलावलं, तेच सरकार आपल्या शत्रूला काडतुसं देतंय! हे कळल्यावर त्यांच्या कंपनीत कुणी शिव्यासुद्धा दिल्या नाहीत, असं आप्पा म्हणतात. नुसते गप्प बसून राहिले.

२४ मार्च १९९० ला त्रिंकोमालीहून शेवटची तुकडी जहाजावर चढली. आप्पा त्यात होते. पोरगं धक्क्यावर आलं नव्हतं. मद्रासला उतरल्यावर स्वागताला मुख्यमंत्री करुणानिधी नव्हते. तमिळ बांधवांना मारून आलेल्या फौजेचं स्वागत करणार नाही, असं त्यांनी आधीच सांगितलं होतं. जवळपास १२०० जवान गमावून आलेली फौज ती. आप्पांना 'श्रीलंका' लिहिलेल्या पट्टीचं मेडल मिळालं. आता ते आईच्या सुईदोऱ्याच्या डब्यात आहे.

पुढचं सगळं भराभर झालं. लिट्टेनं आपल्या मागं राहिलेल्या पोरांना चिरडलं. पेरुमाळ भारतात पळून आले आणि कित्येक वर्षं मध्य प्रदेश-राजस्थानात पहाऱ्यात राहिले. ईपीआरएलएफचे पद्मनाभा जूनमध्ये मद्रासमध्येच मारले गेले. जूनमध्येच लिट्टेचं प्रेमदासांशीही फाटलं आणि शरण आलेले शेकडो पोलीस त्यांनी गोळ्या घालून मारले. २१ मे १९९१ ला श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधी. १ मे १९९३ ला प्रेमदासा. हत्यारं पुरवणाराही वाचला नाही.

परत यायलाच नको होतं, असं माझं म्हणणं नाही. तिथं थांबून आणखी हजार पोरं गेली असती. माझा राग निघण्यावर नाही. निघताना हिशेब फक्त आपल्या गाड्यांचा आणि तंबूंचा झाला, त्यावर आहे. आणि पोळल्यावर दिल्लीनं हात असा मागं घेतला की २००२ ची युद्धबंदी घडवायला नॉर्वेवाले आले. लिट्टेविरुद्धच्या शेवटच्या लढाईत श्रीलंकेला दारूगोळा द्यायला चीन पुढं आला आणि २०१७ मध्ये हंबनटोटा बंदर ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं चिनी कंपनीकडं गेलं. गंमत म्हणजे १९८७ च्या करारासोबतच्या पत्रांत आपण त्रिंकोमाली किंवा श्रीलंकेतलं दुसरं कुठलंही बंदर आपल्याला बाधेल असं परक्या फौजांना द्यायचं नाही, असं लिहून घेतलं होतं. हंबनटोटा तेव्हा कुणाच्या डोक्यात असणार?

उलट नोव्हेंबर १९८८ मध्ये मालदीवला आपण गेलो, बंड मोडलं, आणि बहुतेक फौज लगेच परत आणली. काम नेमकं होतं, बोलावणाराही एकच होता. पण २०२४ मध्ये त्याच मालदीवनं आपले थोडेसे जवानही परत पाठवले. म्हणजे नेमकं काम केल्याचं पुण्यही फार दिवस पुरत नाही.

गेल्या साली कंपनीच्या कामानं कोलंबोला गेलो होतो. संसदेजवळ शांतिसेनेचं स्मारक आहे. एप्रिल २०२५ मध्ये मोदींनी तिथं फुलं वाहिली, तेव्हा यजमान होते राष्ट्राध्यक्ष दिसानायके. त्यांच्या जेव्हीपी या डाव्या पक्षानं एके काळी याच फौजेविरुद्ध रान पेटवलं होतं. आता दोन्ही देशांत संरक्षण सहकार्याचा करारही झाला. मी बजाजच्या रिक्षानं गेलो. रिक्षा आपल्या वाळूजची असणार म्हणून उगाच आपुलकी वाटली. रिक्षावाल्याला मात्र हे स्मारक कुणाचं, ते ठाऊक नव्हतं.

नावांच्या भिंतीचे फोटो आप्पांना व्हॉट्सॲपवर पाठवले. रात्री फोन केला, तर ते अजून बोटांनी मोठं करून वाचत बसले होते.

"सापडले का ओळखीचे?"

"चार सापडले." मग थोड्या वेळानं, "त्या पोराचं नसायचं हितं."

मी काही बोललो नाही. त्यांनीच विषय बदलला.

"रस्तं कसं हायती आता तिकडं?"

"विमानतळावरून आलो तो चिन्यांनी बांधलाय, आप्पा. एकदम गुळगुळीत."

"ठिगळं न्हाईत?"

"नाहीत."

"बरं," म्हणाले आणि फोन आईकडं दिला.