जुनो-१०६: पाच बोलतात, सहावी गप्प

ताजी खबर आधी. माझ्या जुनो-१०६ सिंथेसायझरच्या सहापैकी पाच व्हॉइस (एकेक सूर वाजवणारी स्वतंत्र सर्किटं) चालू झाल्या. सहावी मी माझ्याच हाताने मारली.

नव्या मंडळींसाठी थोडक्यात: रोलँडचा जुनो-१०६, १९८४ सालचं मॉडेल. मामा बोटीवर होता, त्याने जपानच्या बंदरातून आणला, म्हणून १०० व्होल्टचा. गावच्या ऑर्केस्ट्रात वाजला आणि मग मालवणच्या घरी माळ्यावर गोणपाटात गुंडाळून पडला. थेट २३० व्होल्टवर लावायचा मोह एका पाहुण्याला झाला होता, आईने वेळेत प्लग काढला. स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर आता कायम त्याच्याच वायरीला बांधून ठेवलाय.

मेच्या शेवटी उघडला. मागच्या टेप-लोडच्या भोकात कुंभारीण माशीने मातीचं घर लिंपलं होतं, आत तिने साठवलेले कोळी सुकून पडलेले. टूथपिकने अर्धा तास उकरत बसलो. स्लायडर खाऱ्या हवेने इतके धरलेले की फिल्टरचा दांडा हलवला तर अख्खं पॅनल हलेल असं वाटावं. मेमरीची बॅटरी अर्थातच मेलेली, त्यामुळे १२८ च्या १२८ आवाज कचरा. त्याचं फार वाईट वाटलं नाही. सॉकेट बसवून नवी सीआर२०३२ घातली, मागचं मेमरी प्रोटेक्ट बंद केलं आणि मोबाईलवरून फॅक्टरीचे आवाज त्याच कुंभारणीच्या भोकातून आत सोडले. पहिल्या झटक्यात गेले!

मग खरा आजार. की ट्रान्सपोज दाबून धरून मशीन चालू केलं की टेस्ट मोड लागतो आणि पट्टी दाबली की कितवी व्हॉइस वाजते तो आकडा डिस्प्लेवर येतो. वहीत नोंद अशी झाली: १ ठीक, २ मुकी, ३ ठीक, ४ पट्टी सोडल्यावरही कुजबुजते, ५ तापलेल्या तेलात मोहरी टाकल्यासारखी तडतडते, ६ अधूनमधून.

जुनोवाल्यांना हे वाचूनच कळलं असेल. ८००१७ए. एका व्हॉइसचा फिल्टर (आवाजाचा पोत ठरवणारा) आणि व्हीसीए (आवाज कमीजास्त करणारा भाग) एकाच चिपमध्ये, वरून इपॉक्सीचा लेप. वर्षं गेली की हा लेपच बिघडतो आणि आतल्या आत करंट गळायला लागतो. उपाय म्हणजे चिप काढून अ‍ॅसिटोनमध्ये बुडवायची, लेप मऊ झाला की सोलायचा. एकदा उघडलाच आहे तर म्हणून सहाही काढल्या.

अ‍ॅसिटोन कुठून आणायचं? नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्यात नाही नाही ते मिसळलेलं असतं. बंदरावर फायबरच्या होड्या दुरुस्त करणाऱ्याकडे गेलो. रेझिनचे ब्रश धुवायला त्यांच्याकडे असतंच. ‘कित्याक होया?’ त्याने विचारलं. जपानी पेटी दुरुस्त करायचीय म्हटल्यावर अर्धा लिटर फुकट दिलं, फक्त बाटली परत मागितली.

लोणच्याच्या काचेच्या बरणीत चिपा बुडवल्या. प्लास्टिकचा डबा चुकूनही घेऊ नका. तिसऱ्या दिवशी लेप दुधावरच्या सायीसारखा निघतो. पण मला दुसऱ्याच दिवशी घाई झाली आणि सहावीवर ब्लेड लावलं. लेपाबरोबर तांदळाच्या कणीएवढा कपॅसिटर उडाला, खाली पॅडसुद्धा उरला नाही. बाकी पाच मुकाट्याने तीन दिवस ठेवल्या, त्या पाचही जिवंत. आता पॉली-१ मध्ये (या मोडमध्ये व्हॉइस पाळीपाळीने वाजतात) एकेरी चाल वाजवली की दर सहावा सूर गायब. आरती वाजवून बघितली तर शेजारची पोरं हसून लोळली.

चिपा भिजत होत्या तेवढ्यात ओळखीच्या मालकांना फोन लावले. गिरगावातला मित्र म्हणतो, कोरसचा इफेक्ट बंद केला तर उरतं काय? त्यात तथ्य आहे. एका ऑसिलेटरचा (मूळ सूर काढणारं सर्किट), तसा साधाच आवाज. पण कोरसमधल्या दोन बकेट-ब्रिगेड चिपा तो हातोहात पुढे सरकवत असा रुंद करतात की खोली मोठी झाल्यासारखी वाटते. सुस्कारा येतो बरोबर, तो सहन करायचा.

चिपळूणचा दोस्त जुनो-६० वाला. १०६ पातळ वाजतो म्हणे. ६० ला आर्पेजिओ (धरलेले सूर आपोआप एकामागून एक वाजणं) आहे, १०६ ला नाही, हे मान्य. पण खोदून विचारलं तेव्हा कळलं, त्याने ऐकलेल्या १०६ च्या दोन व्हॉइस बंद होत्या आणि उरलेल्यांचे ट्रिमर (जुळवणीचे छोटे स्क्रू) कोणी कधी फिरवलेच नव्हते. चिप बदलली किंवा सोलली की प्रत्येक व्हॉइसचा फिल्टर पुन्हा जुळवावा लागतो, नाहीतर प्रत्येक सूर वेगळ्या तोंडाने बोलतो. तेव्हा मत देणाऱ्याने आधी किती व्हॉइस चालू आहेत ते सांगावं, अशी माझी विनंती. ‘डीसीओ म्हणजे खरं ॲनालॉग नाही’ वाल्यांना तर मी उत्तरच देत नाही. डीसीओ, म्हणजे जुनोच्या ऑसिलेटरमध्ये, सुराची उंची डिजिटल घड्याळ ठरवतं, पुढचा सगळा कारभार ॲनालॉग. वैशाखात पत्र्याच्या मांडवाखाली व्हीसीओ (उकाड्याने सूर सोडणारे पूर्ण ॲनालॉग ऑसिलेटर) जुळवत बसलेला माणूस हा वाद घालणार नाही.

सगळ्यात वेगळं मत आमच्या भजनी बुवांचं. ते मालक नाहीत, पण तासभर हलले नाहीत. पट्टी जोरात दाबली तरी आवाज तेवढाच येतो ही पियानोवाल्यांची तक्रार त्यांच्या लक्षातसुद्धा आली नाही; पेटीलाही ते कळत नाहीच. पोर्टामेंटो (सुरावरून सुरावर घसरत जाणं) लावून, पॉली-१ आणि पॉली-२ एकदम दाबून सगळ्या व्हॉइस एका सुरावर आणल्या आणि गंधारावरून पंचमाला गेलो. बुवा पुढे सरकले. चाळीस वर्षं पेटीवर जी मींड गळ्यातून काढावी लागते, ती इथे बोटाखाली होती. मग बुवांनी वाकून मशीनच्या मागे बघितलं.

‘हेचो भातो खंय?’

भाता नाही, लाईटवर चालतो म्हटलं.

‘आणि लाईट गेली काय?’

याला उत्तर नव्हतं. घरच्या इन्व्हर्टरवर लावून बघितला, वाजतो, पण ट्रान्सफॉर्मर भुंग्यासारखा गुणगुणतो आणि ती गुणगुण कोरसमधूनही ऐकू येते. शुद्ध साइन वेव्हवाला इन्व्हर्टर कोणी जुनोवर वापरला असेल तर कळवा. गणपतीत लाईट जाणार हे धरूनच चाललोय.

सहावीसाठी नवी बनावटीची चिप मागवली आहे. गुरुवारी बुवा पेटी घेऊन येतात. त्यांची पेटी पावसाने थोडी उतरली आहे, म्हणजे जुनोलाच तिच्याजवळ न्यावं लागणार. मागचा ट्यूनिंगचा नॉब मी अजून साफ केलेला नाही.