आमची वाटचाल : पंपाचं दुकान आणि डिझेलमधलं पाणी

चिपळुणात पाऊस लागून चार दिवस झाले की आमच्या दुकानापुढे गाड्या उभ्या राहू लागतात. ड्रायव्हरची तक्रार ठरलेली : "सपाटीला पळते, कुंभार्ली घाट चढताना पिकअप सोडते." हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा बारा वर्षांचा होतो आणि अण्णांच्या हाताखाली डिझेलमध्ये जाळ्या धूत होतो. आज दुकान मी चालवतो. तक्रार तीच आहे, तिच्यावरचा आमचा इलाज मात्र पार बदललाय. तो कसा बदलला ते एकदा लिहून ठेवावं असं बरेच दिवस मनात होतं.

अण्णा एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. पंपावर त्यांचा हात तिथेच बसला. १९९६ साली नोकरी सोडून त्यांनी बहादूरशेख नाक्याजवळ पत्र्याची शेड भाड्याने घेतली. आमच्या धंद्यात पंप म्हणजे इंजिनाला डिझेल मोजून देणारा इंजेक्शन पंप. सुरुवातीला जवळ होता तो एक व्हाइस, इंजिनात डिझेल फवारणारे नोझल तपासायचा, हाताने दाबायचा टेस्टर आणि अण्णांचे कान. पंप फिरवून तपासायचा टेस्ट बेंच दोन वर्षांनी आला, जुना, पुण्याहून टेम्पोत घालून आणलेला. तेव्हाच्या टाटा आणि लेलँडच्या गाड्यांना मायकोचे इनलाइन पंप असायचे. पंप उघडायचा, एलिमेंट बदलायचे, डिलिव्हरी व्हॉल्व्ह बघायचे, बेंचवर चढवून कॅलिब्रेशन करायचं, म्हणजे किती डिझेल सोडतो ते मोजून लावायचं, नोझल बसवायचे. काम भरपूर होतं आणि अण्णांच्या कामाला नावही होतं.

त्या कामाची एक बाजू मला खटकायला बरीच वर्षं गेली. एलिमेंट म्हणजे प्लंजर आणि बॅरल, दट्ट्या आणि त्याची नळी; ही जोडी घासून एकमेकांत बसवलेली असते. दोघांमधली फट दोन-तीन मायक्रॉनची. माणसाचा केस सत्तरेक मायक्रॉन जाड असतो. या फटीत वंगण म्हणून वेगळं ऑइल नसतं, डिझेलच ते काम करतं. तिथे पाणी शिरलं की धातूवर धातू घासतो, आणि गाडी दोन दिवस उभी राहिली तर प्लंजरवर तांबूस पट्टा उमटतो. हा पट्टा आम्ही शेकड्यांनी पाहिला. प्रत्येक वेळी नवीन एलिमेंट टाकून पैसे घेतले. तीच गाडी वर्षा-दीड वर्षाने पुन्हा आली तरी पाणी आलं कुठून हे मालकाने विचारलं नाही आणि आम्हीही हट्टाने सांगितलं नाही. अण्णा ड्रायव्हरला म्हणायचे, "रोज सकाळी पाणी काढायचा कॉक उघड रे." ड्रायव्हर मान डोलवायचा आणि जायचा.

आमची दिशा बदलली ती दाभोळच्या खाडीवर. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, बोटी वर ओढलेल्या असतात आणि इंजिनाची कामं निघतात. अशाच एका कामाला अण्णांबरोबर गेलो होतो. त्या बोटीला टाकी आणि तिच्यातून डिझेल ओढणारा फीड पंप यांच्यामध्ये पारदर्शक बाउलचा वॉटर सेपरेटर, म्हणजे पाणी वेगळं करणारा फिल्टर, होता. तांडेलाने, म्हणजे बोटीच्या प्रमुखाने, सांगितलं की इंजिन चालू करण्याआधी तो रोज त्या बाउलकडे बघतो, तळाला पाणी दिसलं की कॉक उघडून डब्यात काढतो, मगच सेल्फ मारतो. समुद्रात मध्येच इंजिन बंद पडलं तर काय होतं हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. परतताना गाडीत अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "घाटात ब्रेकडाउन झालेल्या लोडगाडीची गत काय वेगळी असते?"

त्या पावसाळ्यापासून आम्ही ट्रकला सेपरेटर लावायला लागलो. तत्त्व सोपं आहे. पाणी डिझेलपेक्षा जड, म्हणून ते बाउलच्या तळाशी बसतं. फिल्टरच्या कागदावर पाण्याला अडवणारा लेप असतो, त्यावर बारीक थेंब एकत्र येऊन मोठे होतात आणि खाली ओघळतात. सेपरेटर फीड पंपाच्या आधी, ओढीच्या बाजूला लावायचा, कारण पंपातून गेलेलं पाणी घुसळून इतकं बारीक होतं की मग वेगळं करणं अवघड जातं. पहिल्या काही गाड्यांना आम्ही उत्साहात तिथे फार बारीक फिल्टर लावला. तो लवकर चोक व्हायचा, पंपाला डिझेल कमी पडायचं आणि गाडी पुन्हा घाटातच मरायची. आता ओढीच्या बाजूला ३० मायक्रॉनचा आणि बारीक गाळण पुढच्या फिल्टरला, असं ठेवतो. इंजिनाची डिझेलची गरज बघून सेपरेटर निवडतो. छोटा स्वस्त मिळतो म्हणून मोठ्या गाडीला लावत नाही.

२०१७ च्या १ एप्रिलला देशभर बीएस-४ हे गाड्यांच्या धुराचं मानक आलं आणि आमच्या दारात कॉमन रेलच्या, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना एकाच नळीतून दाबाचं डिझेल देणाऱ्या, गाड्या वाढल्या. रेलमधला दाब दीड हजार बारच्या वर जातो. नोझलच्या तापलेल्या टोकाशी पाण्याचा थेंब पोचला की त्याची क्षणात वाफ होते आणि टोकाचा धातू तुटू शकतो. इथे माझ्या हातून झालेली एक चूक सांगायलाच हवी. जुन्या गाड्यांचा फिल्टर बदलताना नवीन फिल्टर कॅनमधल्या डिझेलने काठोकाठ भरून बसवायची आमची पद्धत होती. एअर लवकर निघते आणि बॅटरी वाचते. एका बीएस-४ टिपरला मी तसंच केलं. कॅनमधलं डिझेल गाळलेलं नव्हतं, आणि मी ते मधल्या भोकातून, म्हणजे थेट स्वच्छ बाजूला ओतलं होतं. तीन आठवड्यांनी गाडी परत आली, मिसिंग आणि पांढरा धूर. दोन इंजेक्टर गेले होते. मालकाला मी खरं कारण सांगितलं आणि इंजेक्टरचे पैसे मी भरले. तेव्हापासून आमच्याकडे फिल्टर कोराच बसतो. रबरी रिंगला डिझेलचं बोट लावायचं, हाताने आवळायचं, आणि हँड प्रायमर, म्हणजे डिझेल चढवायचा हातपंप, कडक लागेपर्यंत मारत राहायचं. दहा मिनिटं जास्त जातात. नवीन पोराला पहिल्या दिवशी हे शिकवतो आणि दुसरंही एक : चालू कॉमन रेलचा पाइप कधीही ढिला करायचा नाही, ती धार कातडी फोडून आत शिरते.

बरण्यांची फळी त्याच सुमारास आली. मालकाला तोंडी सांगून पटत नाही, दिसलं तर पटतं. म्हणून टाकीच्या तळाच्या प्लगमधून लिटरभर डिझेल काढायचं, काचेच्या बरणीत भरायचं, गाडीचा नंबर चिकटवायचा आणि रात्रभर फळीवर ठेवायचं. सकाळी बरणीमागे वर्तमानपत्र धरायचं. अक्षरं स्वच्छ वाचता आली तर डिझेल ठीक. धुरकट दिसलं तर पाणी अजून त्यात मिसळलेलंच आहे. तळाला वेगळा थर दिसला तर मग बोलायलाच नको. कधी कधी पाणी आणि डिझेल यांच्या मध्ये तपकिरी, शेवाळासारखा बुळबुळीत पदर असतो. ते जिवाणू आणि बुरशी. राहतात पाण्यात, खातात डिझेल. अशी गाडी महिन्यात तीन फिल्टर खाते आणि मालक फिल्टरच्या कंपनीला शिव्या देतो. टाकीत औषध ओतून भागत नाही, कारण मेलेला गाळही फिल्टरमध्येच जाऊन बसतो. टाकी उतरवून, धुऊन, कोरडी करणं हाच उपाय.

"पण मी चांगल्या पंपावर भरतो, पाणी येईल कुठून?" हे हमखास ऐकायला मिळतं. चिपळूणला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. डिझेल संपत जातं तशी टाकी व्हेंटमधून ही ओली हवा आत ओढते. कॉमन रेलमधून परत येणारं डिझेल गरम असतं, गरम डिझेल जास्त पाणी पोटात घेतं आणि रात्री गार झालं की ते सोडतं. वरचा पत्रा थंड पडला की आतून दव धरतं. म्हणून आम्ही सांगतो : पावसाळ्यात टाकी सकाळी भरायच्या ऐवजी रात्री उभी करण्याआधी भरा, आणि टोपणाची रिंग फाटली असेल तर आजच बदला. पेट्रोल पंपावर शंका आली तर वॉटर फाइंडिंग पेस्टची तपासणी दाखवा म्हणावं. टाकीत बुडवायच्या सळीला, डिपरॉडला, लावलेल्या त्या पेस्टचा रंग पाण्यात बदलतो. ते मागायला संकोच करायचं कारण नाही.

आणि मग २२ जुलै २०२१.

आदल्या रात्रीपासून पाऊस थांबत नव्हता. पहाटे वाशिष्ठी नदीचं पाणी गावात शिरलं. आम्ही माळ्यावर चढून बसलो. खाली बेंच होता, दहा-बारा उघडलेले पंप होते आणि अण्णांच्या वह्या होत्या. प्रत्येक गाडीचं कॅलिब्रेशन किती सीसीला लावलं, याची बेंच आल्यापासूनची नोंद त्यात होती. पाणी उतरलं तेव्हा सगळ्यावर वीतभर चिखल होता. वह्यांचा लगदा झाला. अण्णांनी त्यातली एक हातात घेतली, पानं सुटी होईनात, तशीच परत ठेवली. मी त्यांना इतकं शांत कधी पाहिलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी कराडहून आमच्याच धंद्यातले दोघे जण घाट उतरून आले, ओळख फक्त फोनवरची. बरोबर हत्यारं, स्वच्छ डिझेल आणि जेवण. त्यांच्या मदतीने बेंच पूर्ण खोलला, मोटर वाइंडिंगला पाठवली, बाकीचं धुतलं. दुकान अजून चिखलात होतं, तरी रस्त्यावर गाड्यांची रांग लागली, कारण शहरातल्या शेकडो गाड्या बुडाल्या होत्या.

त्या दिवसांत आम्ही सगळ्यात जास्त वेळा उच्चारलेलं वाक्य होतं, "चावी लावू नका." बुडालेली गाडी चालू होते का बघायला लोक सेल्फ मारतात. सिलिंडरमध्ये पाणी असलं तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. ज्यांनी ऐकलं त्यांची इंजिनं वाचली. आमचा क्रम असा होता : आधी बॅटरी सोडायची. ऑइलचा रंग बघायचा. ताकासारखं दिसलं तर काढून टाकायचं. इंजेक्टर उतरवून इंजिन हाताने फिरवायचं म्हणजे सिलिंडरमधलं पाणी बाहेर येतं. मग टाकी खाली, लाइन हवेने फुंकायच्या, दोन्ही फिल्टर नवीन. गिअरबॉक्स आणि डिफरन्शिअलच्या ब्रीदरमधूनही पाणी जातं, तिथलं ऑइलसुद्धा तपासायचं.

भांडण व्हायचं ते टाकीतल्या डिझेलवरून. डिझेल शंभरीजवळ होतं, दोनशे लिटर ओतून द्या कोण म्हणणार? ज्याचं घर आणि माल दोन्ही गेलं, त्याला हे सांगताना माझी जीभ अडखळायची. मग आम्ही बॅरल मांडले. ज्याचं त्याचं डिझेल नाव घालून चार दिवस स्थिर ठेवलं, वरून सायफनने काढलं, तळाचं सोडून दिलं. वरचं गाळून फक्त जुन्या इनलाइन पंपाच्या गाड्यांना वापरायला दिलं. कॉमन रेलवाल्यांना हात जोडून नाही म्हटलं. एकाने ऐकलं नाही. गणपतीच्या आधी त्याची गाडी टो करून आली, सहाच्या सहा इंजेक्टर बदलावे लागले, खर्च लाखाच्या पुढे गेला. आपण आणखी जोर लावून सांगायला हवं होतं असं मला आजही वाटतं.

पुरानंतर मी ठरवलं की दुकानाचं मुख्य काम फिल्टर आणि टाकीचं राहील, पंप-इंजेक्टरचं दुसऱ्या नंबरवर. अण्णांना ते लगेच पटलं. हिशेब बघणाऱ्या माझ्या बायकोने मात्र विचारलं, "गाड्या बिघडल्याच नाहीत तर आपलं काय?" प्रश्न बरोबर होता. पहिली दोन वर्षं उत्पन्न खाली गेलं. मग लोटे एमआयडीसीत माल नेणाऱ्या काही ट्रान्सपोर्टवाल्यांनी महिन्याच्या ठरावीक रकमेवर गाड्या दिल्या. पंधरा दिवसांनी आमचा माणूस त्यांच्या यार्डात जातो, पहाटे, गाड्या हलण्याआधी, कारण रात्रभर उभ्या गाडीतलं पाणी तेव्हा तळाला बसलेलं असतं. काढलेलं पाणी आणि जुने फिल्टर आम्ही गटारात जाऊ देत नाही, बॅरलमध्ये साठवून परवानाधारकाला देतो. आमची गटारं वाशिष्ठीलाच मिळतात.

बीएस-६ च्या गाड्यांनी एक नवा प्रकार आणला आहे. त्यांना डीईएफ लागतं, धूर साफ करायला वेगळ्या टाकीत भरायचं द्रव, ज्याला ड्रायव्हर युरिया म्हणतात. ते जवळजवळ दोन तृतीयांश पाणीच असतं. रात्रीच्या अंधारात, झोपेत, ते डिझेलच्या टाकीत ओतलं गेलेल्या तीन गाड्या गेल्या वर्षी आल्या. दोघांनी चावी न लावता फोन केला. त्यांचं काम टाकी धुण्यावर भागलं. तिसरा चाळीस किलोमीटर चालवत आला होता. त्याच्या रेलमध्ये पांढरे खडे जमले होते, हाय प्रेशर पंपासकट सगळं गेलं. ओतणारा ड्रायव्हर एकवीस वर्षांचा पोरगा, दारात रडत उभा होता. टोपणावर रंगाची पट्टी मारायला पाच मिनिटं लागतात. आता आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक बीएस-६ गाडीला आम्ही न विचारता ती मारून देतो.

अण्णा आता संध्याकाळी तासभर येतात. बेंचकडे जात नाहीत, फळीपाशी खुर्ची घेऊन बसतात आणि एकेक बरणी उजेडात धरतात. काल आलेल्या पाटणच्या दहाचाकीची बरणी त्यांनी बाजूला काढून ठेवली होती. सकाळी बघितली, तळाला दोन बोटं पाणी आणि वर तपकिरी पदर. मालकाला फोटो पाठवलाय. टाकी उतरवायला घेतली आहे.