माझा अनुभव: फोनमधली न निघणारी ॲप्स काढता काढता शेवटी फोनच बदलला

सुरुवात श्रावणातल्या सोमवारी झाली. आईला घेऊन हरिपूरला संगमेश्वराच्या दर्शनाला गेलो होतो, गाडी लावून येईपर्यंत फोन तिच्या हातात दिला. तिने नुसती वेळ बघायला बटण दाबलं तर लॉक स्क्रीनवर कुठल्यातरी नटीचा फोटो, आणि बोट लागल्याबरोबर व्हिडिओ सुरू, तोही फुल आवाजात, दर्शनाच्या रांगेत. आईला काय तो बंद करता येईना, शेवटी तिने फोन पदरात गुंडाळला तर पदरातनं गाणं चालू. मी आलो तेव्हा रांगेतल्या बाया माझ्याकडे अशा बघत होत्या की जणू हे गाणं मीच लावून दिलंय.

आता आमचा धंदा हळदीच्या अडतीचा, आजोबांपासून. फोन म्हणजे माझं अर्धं दुकान आहे. पट्ट्यांचे (म्हणजे मालाच्या विक्रीच्या हिशोबाच्या चिठ्ठ्यांचे) फोटो, शेतकऱ्यांनी पाठवलेले पासबुकचे फोटो, कुणाला किती उचल दिली त्याची नोंद, सगळं त्याच्यातच. म्हणजे नुसता आगाऊ जाहिरातींचा त्रास असता तर गिळला असता, पण त्या दिवशी पहिल्यांदा डोक्यात आलं की आपण न बोलावलेलं कोण कोण या फोनमध्ये राहायला आलंय ते तरी बघूया.

लॉक स्क्रीनची ती भानगड सेटिंगमध्ये चार पायऱ्या खाली लपवलेली होती, शोधून बंद केली. पुढचं अपडेट आलं आणि परत चालू. परत बंद केली. मग ॲप्सची पूर्ण यादी काढून एकेक उघडायला लागलो. कंपनीचं स्वतःचं ॲप स्टोअर, ब्राउझर, थीमवालं, गेमवालं, एक नुसतं जाहिरात सेवेचं, एक वापराची माहिती गोळा करणारं. प्रत्येकात जाऊन बघतोय तर 'अनइन्स्टॉल' बटणच नाही, आणि 'डिसेबल' आहे पण फिकट करड्या रंगात, दाबा नाहीतर डोकं आपटा, ढिम्म. सगळ्यात कहर फाइल मॅनेजरने केला. अपडेटनंतर उघडलं तर अटी मान्य करा म्हणून पाटी, आणि 'नाही' दाबलं की ॲपच बंद. म्हणजे माझ्याच फोनमधले माझ्याच पट्ट्यांचे फोटो बघायला मी आधी कंपनीच्या जाहिरात धोरणावर अंगठा उठवायचा.

(कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही. स्वस्तातले फोन ज्या किमतीला मिळतात त्यात अशी वसुली बरेच जण करतात, त्यामुळे उगाच एकाच्या नावाने शंख नको.)

भाचा सांगलीत इंजिनिअरिंगला आहे, तो रविवारी जेवायला येतो. त्याला सांगितलं तर म्हणाला, "मामा, आधी बघूया तरी किती बोलतोय तो बाहेर." त्याने सेटिंगमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' म्हणून जागा असते तिथे नेक्स्टडीएनएस टाकून दिलं. यात काय होतं की फोन कुठल्या कुठल्या सर्व्हरचा पत्ता विचारतोय त्याची नोंद आपल्याला दिसते आणि नको ते पत्ते अडवता येतात. फुकटातल्या खात्याला महिन्याला ३ लाख चौकशांची मर्यादा आहे, मला वाटलं ३ लाख म्हणजे आयुष्यभर पुरतील. सकाळी उठून लॉग बघितला. रात्री दोन, सव्वादोन, अडीच, फोन चार्जिंगला लावलेला, घरात सगळे झोपलेले, आणि कंपनीच्या नावाच्या पत्त्यांच्या ओळीच्या ओळी. आत काय पाठवलं ते यातून कळत नाही हे भाच्याने स्पष्ट सांगितलं, फक्त कुणाचं दार वाजवलं तेवढं कळतं. पण रात्री अडीचला दार वाजवायचं कामच काय?

सर्व्हिस सेंटरला पण गेलो होतो. तिथल्या पोराने नीट ऐकून घेतलं, त्याचा काही दोष नाही, म्हणाला, "सर ते वरूनच येतं, आम्ही काढलं तर तुमची वॉरंटी जाईल." मग त्याने स्वतःचा फोन दाखवला, त्याच्यातही तेच.

मग पुढच्या रविवारी आम्ही एडीबीला बसलो, म्हणजे लॅपटॉपवरून केबलने फोनला हुकूम द्यायची सोय. ज्यांना करायचंय त्यांच्यासाठी थोडं सविस्तर सांगतो. 'अबाउट फोन'मध्ये बिल्ड नंबर किंवा व्हर्जनवर सात वेळा टकटक केलं की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात, त्यात यूएसबी डीबगिंग चालू करायचं. लॅपटॉपवर गूगलचं प्लॅटफॉर्म टूल्स उतरवायचं. मग केबल जोडायची, आणि इथेच आमचा एक तास गेला कारण माझी केबल नुसती चार्जिंगची होती, त्यातनं डेटा जातच नव्हता, आणि आम्ही दोघं ड्रायव्हरला शिव्या घालतोय. दुसरी केबल लावल्यावर फोनवर परवानगीची चौकट आली, हो म्हटलं, आणि लॅपटॉपच्या काळ्या खिडकीत फोनचा सीरियल नंबर दिसला. मग 'पीएम अनइन्स्टॉल' ही कमांड, त्यात युजर झिरो (म्हणजे फोनचा मुख्य वापरकर्ता) असं सांगायचं आणि पुढे पॅकेजचं, म्हणजे ॲपचं सिस्टिममधलं नाव. एकेक ओळ टाकली की 'सक्सेस'. मला तर भारीच मजा यायला लागली, दिवाळीत माळ्यावरचा कचरा काढल्यासारखी.

पण भाच्याने मध्येच सांगितलं की मामा, हे खरं जात नाही. ती ॲप्स सिस्टिमच्या अशा भागात असतात जिथे आपल्याला लिहिता-पुसता येत नाही, आपण फक्त 'या वापरकर्त्यासाठी नको' एवढं सांगतोय. मला लगेच कळलं, कारण हरिपूरची पेवं आम्ही लहानपणापासून बघितलेली. जमिनीत खोल खड्डा, त्यात हळद भरायची आणि तोंड लिंपून टाकायचं. वरून चालत गेलं तर कुणाला पत्ता लागणार नाही, पण माल आत तसाच. फोन फॅक्टरी रिसेट केला की पेवाचं तोंड उघडलं, सगळं जसंच्या तसं बाहेर.

आणि ते आम्हाला लवकरच बघायला मिळालं, कारण माझा हात जरा जास्तच सैल सुटला. भाचा गेल्यावर मी एकट्यानेच, नावात 'सिक्युरिटी' असलेलं कंपनीचं एक पॅकेज उडवलं, कारण तेही जाहिराती दाखवायचं. फोन रीस्टार्ट केला तर कंपनीचा लोगो, अंधार, परत लोगो, परत अंधार. रात्री अकरा वाजता. काही सिस्टिम पॅकेजेस अशी असतात की फोन सुरू होताना ती हजर लागतातच, हे मला नंतर कळलं, आधी वाचायला पाहिजे होतं. शेवटी रिकव्हरीत, म्हणजे फोनच्या दुरुस्तीच्या मेनूत जाऊन सगळं पुसावं लागलं. तीन आठवड्यांच्या पट्ट्यांचे फोटो गेले, बॅकअप नव्हता, शेतकऱ्यांना फोन करून परत मागवले, दोघा-तिघांनी वर ऐकवलंही. २०१९ च्या पुरातले फोटो तेवढे पेनड्राइव्हवर होते म्हणून वाचले, सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं तेव्हाचे. आणि फोन सुरू झाल्यावर पहिल्याच स्क्रीनवर ते थीमवालं, गेमवालं, ॲप स्टोअरवालं, सगळी वरात परत हजर.

तेव्हा ठरवलं की या फोनवरची सिस्टिमच बदलायची. भाचा लिनेजओएस म्हणाला. ही सायनोजेनमॉड म्हणून जी पूर्वी प्रसिद्ध सिस्टिम होती ती २०१६ च्या शेवटी बंद पडल्यावर तिच्याच कोडवरून पुढे चालू झालेली, खूप वेगवेगळ्या मॉडेलना चालते. पण त्यासाठी आधी फोनचा बूटलोडर, म्हणजे फोन सुरू होताना कुठली सिस्टिम चालू द्यायची ते ठरवणारा प्रोग्राम, उघडावा लागतो, आणि माझ्या मॉडेलला तो उघडायला कंपनी परवानगीच देत नाही. पैसे मी दिले, बिल माझ्या नावावर, आणि कुलपाची किल्ली त्यांच्याकडे.

गंमत म्हणजे त्याच दिवसांत, डिसेंबर २०२५ च्या सुरुवातीला, सरकारचं संचार साथी ॲप सगळ्या नवीन फोनमध्ये आधीपासूनच घालून द्या असा दूरसंचार खात्याचा आदेश निघाल्याची बातमी आली आणि चहाच्या टपरीवर दोन दिवस तोच विषय. मी म्हटलं लगा हो, एका ॲपवर एवढं, तुमच्या फोनमध्ये आत्ता किती बसलेत ते कधी मोजलंय का? तिथल्या तिथे चौघांनी फोन काढून 'डिसेबल' दाबून बघितलं. ३ डिसेंबरला सरकारने तो आदेश मागे घेतला. आमच्या चौघांचं बटण अजून करडंच आहे.

मग शोधता शोधता ग्राफिनओएसवर आलो. ही पण अँड्रॉइडच, पण गूगलची ॲप्स आधीपासून नसलेली, आणि गंमत अशी की ती सध्या गूगलच्याच पिक्सेल फोनवर चालते. म्हणजे गूगलला घराबाहेर ठेवायला घर गूगलकडूनच विकत घ्यायचं. कारण विचारलं तर असं की पिक्सेलमध्ये दुसरी सिस्टिम टाकून बूटलोडर परत कुलूपबंद करता येतो, बाकी बहुतेक फोनमध्ये तो उघडाच ठेवावा लागतो. नवीन घेणं परवडत नव्हतं म्हणून जुना पिक्सेल ७ए बघायला लागलो, त्याला मे २०२८ पर्यंत सिक्युरिटी अपडेट आहेत.

जुना घेणार असाल तर हे नक्की वाचा. पहिला फोन सांगलीतच एका दुकानात बघितला, नवाकोरा दिसत होता, दोन हजारांनी स्वस्त. भाच्याने सांगून ठेवलं होतं की पैसे द्यायच्या आधी डेव्हलपर ऑप्शन्समध्ये 'ओईएम अनलॉकिंग', म्हणजे बूटलोडर उघडू देणारं बटण, चालू होतंय का बघ, आणि बघताना इंटरनेट चालू ठेव. हॉटस्पॉट दिला, बघितलं, करडं. फोन बाहेरच्या देशातनं आलेला, तिथल्या टेलिकॉम कंपनीने लॉक केलेला. करडा रंग आता मला लांबूनच ओळखू येतो. दुकानदार म्हणाला, "साहेब ते बटण कशाला लागतंय तुम्हाला?" मी म्हटलं मला तेवढंच लागतंय. शेवटी पुण्यातनं ओळखीने एक मिळाला, साडेसतरा हजार.

टाकायचं काम मात्र मी समजत होतो त्याच्या पाव पटही अवघड नव्हतं. लॅपटॉपवर क्रोमसारखा ब्राउझर, त्यात ग्राफिनओएसचं इन्स्टॉलर पान, आणि पानावरच बटणं. आवाज कमी करायचं बटण दाबून धरत फोन सुरू केला, पानावर 'अनलॉक' दाबलं, फोनवर व्हॉल्यूमच्या बटणाने होकार दिला, मग डाउनलोड, मग फ्लॅश, म्हणजे नवीन सिस्टिम फोनमध्ये उतरवणं. फ्लॅश चालू असताना केबल हलवायची नाही. आणि बरोब्बर तेव्हाच लाइट गेली. लॅपटॉपची बॅटरी म्हातारी, १९ टक्के, भाचा आणि मी दोघं श्वास रोखून, आई आपली मेणबत्ती घेऊन फोनवर प्रकाश पाडतेय जणू त्याने फोन लवकर होणार आहे. ११ टक्क्यांवर झालं. मग बूटलोडर परत लॉक केला, ही पायरी विसरू नका. चालू होताना फोन आता पिवळी सूचना दाखवतो की यात दुसरी सिस्टिम आहे. दाखवू दे.

आत आल्यावर काळी स्क्रीन आणि मोजून काही आयकॉन. इतकं रिकामं बघून मला आधी वाटलं काहीतरी राहिलंय.

गूगल प्ले लागतंच, कारण धंद्याची दोन-तीन ॲप्स त्याच्याशिवाय चालत नाहीत. पण इथे ते साध्या ॲपसारखं बसतं, खास अधिकार नाहीत, नको झालं की अनइन्स्टॉल, आणि ते बटण काळंभोर, दाबलं की चालतं! प्रत्येक ॲपची इंटरनेटची परवानगी वेगळी काढून घेता येते, हे मला सगळ्यात आवडलं. मराठी टायपिंगला मला जीबोर्डशिवाय जमत नाही, तर तो टाकला, मराठी उतरवून घेईपर्यंत नेट दिलं आणि मग काढून घेतलं. आता टाइप कर बाबा, पण सांगू नको कुणाला. व्हॉट्सॲपला सगळी संपर्क यादी न देता निवडक नंबरच दाखवता येतात, ते करायला एक संध्याकाळ गेली.

अडलं ते बँकेत. यूपीआयचं एक ॲप पहिल्या झटक्यात चाललं, पण ज्या बँकेत अडतीचं खातं आहे तिचं ॲप उघडलं की 'तुमचे डिव्हाइस सुरक्षित नाही' आणि बंद. बरीच बँकिंग ॲप्स फोनची सिस्टिम गूगलने प्रमाणित केलेली आहे का ते तपासतात, ग्राफिनओएस त्या यादीत नाही. बँकेत जाऊन विचारलं, तिथल्या मॅडमनी बराच वेळ फोन उलटसुलट करून बघितला आणि म्हणाल्या, "यात व्हायरस आहे का?" त्यामुळे आता बँकेचं काम दुकानातल्या कॉम्प्युटरवरून नेटबँकिंगने करतो, ओटीपी या फोनवर येतो. थोडं गैरसोयीचं आहे, खोटं कशाला सांगू. जुना फोन ड्रॉवरमध्ये आहे, सिमशिवाय, बंद.

नवीन फोनवर तेच नेक्स्टडीएनएस लावून परत एक रात्र लॉग बघितला. ओळी आहेत, पण बोटावर मोजण्याइतक्या, आणि कुठली कशाची ते मला ओळखू येतं.

आईच्या फोनची कंपनी तीच. मागच्या रविवारी म्हटलं आण, तुझा पण साफ करून देतो, निदान ती लॉक स्क्रीन तरी. तिने फोन पदराखाली घेतला. म्हणाली, "नको बाबा, माझ्यात रोज सकाळी नवीन फुलांचं चित्र येतं. तुझ्यात काय येतं?"