चिखलाचं अंदाजपत्रक

गटार, पेव्हर ब्लॉक, स्मशानशेड, अंगणवाडीचं पत्र्याचं छप्पर अशी कितीतरी अंदाजपत्रकं मी ग्रामसभेपुढे वाचली आहेत. खाडीतला चिखल नळीने काढून तपासायचं अंदाजपत्रक मात्र एकदाच वाचलं. त्या दिवशी सभागृह भरलं होतं. एरवी कोरम व्हावा म्हणून शिपायाला घरोघरी फिरवावं लागतं.

अलिबाग तालुक्याच्या खारेपाटात मी ग्रामसेवक आहे. अलीकडे पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालं, पण गावाला मी भाऊसाहेबच. इथली बरीचशी शेती बांध घालून खाडीकडून मिळवलेली आहे. बाहेरकाठा, म्हणजे खाडीकडचा बांध, धड आहे तोवर भात. उधाणात बांधाला खांड पडली की खारं पाणी आत येतं, आणि ती वेळेत बुजली नाही की काही वर्षांत तिवरांचं रान, म्हणजे कांदळवन, उभं राहतं. ते उभं राहिलं की विषय संपला. उच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालाने कांदळवन तोडायला बंदी आहे, मग जमीन कोणाचीही असो. भोवतीच्या 50 मीटरांत बांधकामही नाही. म्हणजे सातबारा शेतकऱ्याचा आणि पीक तिवराचं. या गोष्टीवरून भावाभावांत, वाडीवाडीत आणि गाव विरुद्ध सरकार अशी किती भांडणं आहेत, ते माझ्या आवक बारनिशीत बघावं.

अशा गावात पुण्याच्या एका महाविद्यालयातले दोघं आले. म्हणाले, या खाडीकाठी गेल्या काही शतकांत कुठे शेत होतं, कुठे तिवर, कुठे मिठागर, हे आम्हाला शोधायचं आहे. जुने नकाशे, महसुली दफ्तर, म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी आणि चिखलाचे गाभे (नळीने काढलेले उभे नमुने), सगळं एकत्र लावून. प्रयोगशाळेचा मोठा खर्च त्यांचा. होडी, मजुरी, मोडी वाचणाऱ्याचं मानधन आणि नकला काढायची फी, एवढं पंचायतीने द्यावं. एकूण 1 लाख 80 हजार.

रक्कम ऐकून मी घाबरलो नाही. कुठल्या लेखाशीर्षातून द्यायची, याने घाबरलो. तेव्हा पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतले 60 टक्के बंधित होते, म्हणजे पाणी आणि स्वच्छता. उरलेले 40 टक्के अबंधित म्हणायचे, पण त्यांची कामं आराखड्यात आधीच बसलेली, आणि प्रत्येक कामाला जागेवरचा फोटो लागतो. संशोधनाचा फोटो कसला काढणार? मोजमाप पुस्तिकेत काय लिहिणार, ‘चिखल, दोन मीटर’?

वाट सापडली ती लोक जैवविविधता नोंदवहीतून, म्हणजे गावातल्या झाडाझुडपांच्या, प्राणी-माशांच्या नोंदीतून. 2002 च्या जैवविविधता कायद्याच्या कलम 41 प्रमाणे प्रत्येक स्थानिक संस्थेला जैवविविधता व्यवस्थापन समिती लागते, आणि ती नोंदवही करणं हे समितीचं काम. हरित लवादाने 31 जानेवारी 2020 ही मुदत घातली तेव्हा सगळीकडे एकच घाई उडाली. आमचीही नोंदवही एका एजन्सीने तेव्हाच करून दिली. बाइंडिंग उत्तम. आत जिताडा मासाच नाही! खारेपाटातल्या गावाच्या नोंदवहीत जिताडा नाही, म्हणजे करणाऱ्याने इथे जेवणसुद्धा केलं नसावं. तेव्हा ‘नोंदवही अद्ययावत करणे’ या नावाखाली हा खर्च ग्रामनिधीतून, म्हणजे घरपट्टीच्या पैशातून करायचा, असं सरपंचताईंनी आणि मी ठरवलं. वरून येणाऱ्या पैशाला वरचे विचारतात, घरपट्टीच्या पैशाला गाव विचारतं. ते त्या दिवशी दिसलं.

पहिला आवाज अपेक्षेप्रमाणे आला. ‘पाखाडीवर दिवा नाय आणि चिखल तपासताय?’ त्याला उत्तर तयार होतं, दिव्यांचा ठराव आधीच झाला होता. दुसरा आवाज मागच्या बाकावरून आला, एका मध्यमवयीन शेतकऱ्याचा. त्याचं अख्खं शेत तिवराखाली गेलेलं.

‘भाऊसाहेब, मातीतनं जुना तिवर निघाला तर? उद्या म्हणतील, हे आधीपासनंच कांदळवन. सातबाऱ्यावर शिक्का मारतील. तो पुसायला हे पुण्याचे येणार हायेत का?’

सभागृह एकदम गप्प झालं. त्याचं म्हणणं मला तरी खोडता येईना. तरुण संशोधिका उठली. तिने आधी त्याची शंका मान्य केली, हे मला आवडलं. म्हणाली, खाली कुठेतरी तिवर निघणारच, कारण बांध घालण्याआधी इथे खाडीच होती. प्रश्न कधीचा, हा आहे. मग तिने समजावलं की चिखल थराथराने साचतो. तिवराचे परागकण त्यात टिकतात, खाऱ्या पाण्यातल्या सूक्ष्म जीवांची कवचं टिकतात. भाताचे परागकण इतर गवतांपासून ओळखणं अवघड, म्हणून भाताच्या पानातुसातले सिलिकाचे कण शोधायचे. वयासाठी कार्बनची पद्धत, पण अलीकडच्या तीनेकशे वर्षांना ती नीट लागू पडत नाही; त्यातल्या शेवटच्या शंभर-दीडशे वर्षांसाठी शिसे-210 वापरतात, आणि सीझियम-137 मिळालं तर उत्तमच. अणुचाचण्यांमुळे ते जगभर पसरलं आणि 1963 च्या आसपास सर्वांत जास्त पडलं, म्हणून तो थर खुणेचा.

‘बॉम्बचा कचरा आमच्या खाडीत?’ कोणीतरी विचारलं, आणि पुढची काही मिनिटं सभा अण्वस्त्रांवर गेली. ती विषयावर आणताना सरपंचताईंना टेबल वाजवावं लागलं.

आणली मात्र एका आजोबांनी. ते ग्रामसभेला येतात, बोलत कधी नाहीत. त्यांनी विचारलं, ‘संपाचं कळेल काय?’

चरीचा संप. 1933 ते 1939. नारायण नागू पाटलांच्या मागे खारेपाटातल्या कुळांनी खोतांची जमीन कसायला नकार दिला होता. आजोबांचा जन्म त्यानंतरचा, पण त्यांच्या वडिलांनी त्या वर्षांत लाकडं तोडून आणि मासे मारून घर चालवलं होतं. ‘शेतात कोण उतरलं नाय, तर बांध कोणी राखला? तेव्हा खाडी आत आली का? आमच्या खालच्या कोंडातला तिवर तेव्हाचा असंल, तर तो काय निसर्गाने आणलेला नाय. पोटाला चिमटा घेऊन माणसांनी संप केला, म्हणून आलेला.’

पुण्याच्या प्रस्तावात हा प्रश्न नव्हता. त्यांनी लिहिलं होतं समुद्रपातळी, गाळ, पर्जन्यमान. संप कुठेच नव्हता. संशोधिका पटापट वहीत लिहून घेत होती. तिने खरं ते सांगितलं: सहा वर्षांचा काळ चिखलातून एवढा नेमका सांगता येणार नाही. पण तेव्हाचे सारा-माफीचे कागद, खोतांचे हिशेब, बांधदुरुस्तीचे अर्ज मिळाले, तर चिखल आणि कागद एकमेकांशी ताडून पाहता येतील. ‘आमच्याकडं एक पेटी हाय,’ आजोबा म्हणाले. त्यांच्या सुनेने त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्यावरून ही पेटी घरातही नव्याने कळत असावी.

मग ठरावाची भाषा सुरू झाली. यात मला बरंच काम होतं. मागच्या बाकावरचा तो शेतकरी पुढे येऊन बसला आणि त्यानेच अटी घातल्या. निष्कर्ष छापायच्या आधी ग्रामसभेत मराठीत वाचून दाखवायचे. नकाशावर गट नंबर आणि खातेदाराचं नाव घालायचं नाही. प्रत्येक कागदाची आणि मोजणीची एक प्रत पंचायतीच्या कपाटात राहील. होडी आणि मजूर गावातलेच. पाचवी अट माझी, तीन हप्त्यांत पैसे आणि प्रत्येक हप्त्याला उपयोगिता प्रमाणपत्र. संशोधकांनी एका ठिकाणी हरकत घेतली: गट नंबर नाही घातले तरी गाभा कुठून काढला, ते शास्त्रीय लेखात लिहावंच लागतं. त्यावर बरीच ओढाताण झाली. शेवटी खाडीचा पट्टा आणि बांधापासूनचं अंतर द्यायचं, असं ठरलं. अशा लेखाला शास्त्रीय मासिकं काय म्हणतील ते संशोधिका बघणार होती.

बाहेरून मोठा निधी आणला असता, तर या अटी कोणी विचारल्याच नसत्या. अहवाल इंग्रजीत निघाला असता, एक प्रत कुठल्यातरी खात्यात गेली असती, आणि गावाला तो सातबाऱ्यावरच्या शिक्क्यातूनच कळला असता. 1 लाख 80 हजारांत गावाने विज्ञान विकत घेतलं नाही, विचारायचा हक्क घेतला. माझ्या मते तेवढ्यालाही ते स्वस्त होतं.

सूचक म्हणून त्या शेतकऱ्याचं नाव लागलं. अनुमोदक आजोबा. विरोधात चार हात वर झाले, तेही इतिवृत्तात घेतले.

गाभे पुढच्या भांगाच्या, म्हणजे सौम्य भरती-ओहोटीच्या दिवसांतल्या, ओहोटीला काढले. नळी चिखलात शिरेना, तेव्हा होडीवाल्याने बोय मारायच्या जाळ्याचा जाड बांबू आणून तिला आधार दिला. त्याचं बिल ‘किरकोळ साहित्य’ या नावाखाली लावलं आहे. नमुने प्रयोगशाळेत आहेत. पेटीतले कागद मोडीत निघाले, काहींना वाळवी लागलेली, वाचन चालू आहे. यंदाच्या लेखापरीक्षणात त्या खर्चावर आक्षेप आला: ‘सदर कामातून कोणती मत्ता निर्माण झाली, ते नमूद नाही.’ अनुपालन अहवाल माझ्या टेबलावर आहे. त्याला जोडायला ठरावाची प्रत काढून ठेवली आहे, आणि जिताड्याची नोंद घातलेलं नोंदवहीचं नवीन पान.