अँजिओग्राफी नॉर्मल, तरी छातीत दुखतंच
आज मावशीच्या हृदयाचा स्ट्रेस एमआरआय झाला. अँजिओग्राफी नॉर्मल आल्यापासून घरात सगळे तिला 'मनावर घेऊ नकोस' एवढंच ऐकवत होते. दम मात्र लागतच होता.

अँजिओग्राफीत हृदयाच्या मोठ्या धमन्या दिसतात. साधारण अर्ध्या मिलिमीटरहून बारीक वाहिन्या त्यात दिसत नाहीत, आणि बायकांमध्ये दुखण्याचं मूळ अनेकदा तिथेच असतं. या एमआरआयमध्ये अ‍ॅडिनोसिन या औषधाने वाहिन्या रुंदावतात, मग गॅडोलिनियम हे चित्रात उठून दिसणारं द्रव्य शिरेतून सोडून स्नायूत रक्त कुठे कमी पोचतंय ते बघतात. औषध चालू असताना छाती जड होते, बंद केलं की लगेच ओसरते. मावशी बाहेर आली ती हेच सांगत, "अगं, अस्संच होतं मला जिना चढताना!"

किरणोत्सारी द्रव्य टोचून हृदयाचा रक्तपुरवठा बघतात, त्या न्यूक्लिअर स्कॅनची तर आणखी गंमत. स्तनांच्या आडोशामुळे हृदयाच्या पुढच्या भागात रक्त कमी असल्याचा नुसता भास होऊ शकतो. यंत्र घडवताना कोणाचं शरीर डोळ्यांपुढे होतं, कोण जाणे! बायकांच्या हृदयावरचा अमेरिकेतला 'वाइज' हा मोठा अभ्यासही सुरू झाला तो थेट १९९६ मध्ये.

रिपोर्ट परवा. डॉक्टरांना विचारायच्या प्रश्नांची यादी मावशीनेच करून ठेवलीय, चांगली पानभर.