आमची वाटचाल : वर्तुळाकडून आकड्याकडे

वनस्पतीचा अर्क जीवाणूंना रोखतो का, हे आमची प्रयोगशाळा तपासते. अर्काची बाटली घेऊन येणाऱ्याला बहुधा आधी फोटो हवा असतो. पेट्री डिशमध्ये जीवाणूंचा दुधट थर, त्यात अर्क भरलेला खड्डा आणि खड्ड्याभोवती स्वच्छ वर्तुळ, म्हणजे जीवाणू न वाढलेली जागा. हे चित्र माहितीपत्रकावर छापता येतं, प्रबंधात चिकटवता येतं. आमचीही सुरुवात याच कामावर झाली. दोघे भागीदार, भाड्याच्या खोल्या, वाफेने निर्जंतुक करणारा एक ऑटोक्लेव्ह, जीवाणू उबवणारा एक इनक्युबेटर आणि कोणीतरी काढून टाकलेला लॅमिनार फ्लो, म्हणजे गाळलेल्या हवेचं कपाट. भागीदार सूक्ष्मजीवशास्त्रातली, मी रसायनशास्त्रातला. अर्क माझ्याकडे आणि जीवाणू तिच्याकडे, ही वाटणी अजूनही तशीच आहे, आणि त्यावरून होणारे वादही.

वर्तुळाची चाचणी स्वस्त, झटपट आणि डोळ्यांना पटणारी. पण वर्तुळ किती मोठं पडेल हे केवळ अर्काच्या ताकदीवर ठरत नाही, तो आगरमधून, म्हणजे जीवाणू वाढवायच्या जेलीसारख्या थरातून, किती पसरतो यावरही ठरतं. पाण्यात सहज विरघळणारा घटक लांबवर जातो. तेलकट, पाण्याशी फटकून वागणारा घटक खड्ड्याच्या काठाशीच अडकतो आणि खरा गुणी असूनही वर्तुळ छोटं दिसतं. त्यात आगरचा थर पातळ पडला की वर्तुळ फुगतं, म्हणून जाडी सुमारे 4 मिलिमीटर ठेवतात. जीवाणूंचं मिश्रण दाट झालं की वर्तुळ आक्रसतं, म्हणून ते 0.5 मॅकफार्लंड या ठरलेल्या गढूळपणाला आणतात, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये साधारण 1 ते 2 गुणिले 10 चा आठवा घात इतके जीवाणू. एवढी काळजी घेऊनही दोन वेगळ्या वनस्पतींची वर्तुळं शेजारी ठेवून ‘ही त्या दुसरीपेक्षा सरस’ असं म्हणता येत नाही. ग्राहकाला मात्र नेमकं तेच म्हणायचं असायचं.

तेव्हा आम्ही ठरवलं, नुसत्या वर्तुळाचा अहवाल द्यायचा नाही. वर्तुळ पहिली चाळणी म्हणून ठीक, पण अहवालात एमआयसी असलीच पाहिजे, म्हणजे जीवाणूंची वाढ थांबवणारी कमीत कमी मात्रा. पहिल्या काळात या नियमाने कामं गेली. शेजारची प्रयोगशाळा दुसऱ्या दिवशी फोटो देते, तुम्ही कंट्रोल, म्हणजे तुलनेच्या चाचण्या, मागत बसता, असं तोंडावर ऐकलं. भागीदाराला त्याचं काही वाटलं नाही. मला भाडं भरायचं होतं, म्हणून वाटलं.

एमआयसीसाठी 96 खळग्यांची प्लेट लागते. अर्क दर खळग्याला निम्मा करत न्यायचा, प्रत्येकात ठरलेले जीवाणू घालायचे (अंतिम संख्या मिलिलिटरला साधारण 5 लाख), 35 अंशांच्या आसपास 16 ते 20 तास ठेवायचं आणि वाढ कुठे थांबली ते पाहायचं. कृत्रिम औषधाच्या बाबतीत खळगा गढूळ की स्वच्छ हे डोळ्यांनी कळतं. आमचे अर्क मात्र हिरवे, तपकिरी, कधी काळेभोर. त्यांत गढूळपणा कसा दिसणार? म्हणून रेझाझुरिन हा निळा रंग घालतात, जिवंत जीवाणू तो गुलाबी करतात. इथेही वनस्पती आपला हिसका दाखवते. काही अर्कांतली क्षपणकारी (इलेक्ट्रॉन देणारी) द्रव्यं जीवाणू नसतानाही रंग गुलाबी करून टाकतात. त्यामुळे अर्क आहे पण जीवाणू नाहीत, असा वेगळा खळगा लागतोच. तो नसलेले अहवाल आम्हाला ग्राहक दाखवतात तेव्हा भागीदार फक्त चष्मा काढून पुसते.

दुसरा कंट्रोल द्रावकाचा. पाण्यात न उतरणारा अर्क आम्ही डीएमएसओ या द्रावकात विरघळवतो, आणि डीएमएसओचं प्रमाण वाढलं तर तोच जीवाणूंना रोखतो. मग श्रेय वनस्पतीला मिळतं. अल्कोहोल नीट उडवलं नसेल तरीही तसंच. रोटरी इव्हॅपोरेटर घेतला तो याच कारणासाठी, कमी दाबाखाली कमी तापमानाला द्रावक निघतो आणि अर्क शिजत नाही. आमच्या खरेदीत आम्हाला कधीही खंत न वाटलेली ही एकमेव वस्तू.

टॅनिन या तुरट द्रव्याच्या साली आल्या की मी सावध होतो. टॅनिन प्रथिनांना धरून ठेवतं, त्यामुळे ते जवळजवळ सगळ्याच जीवाणूंवर थोडंफार चालल्यासारखं दिसतं. हळदीचा अर्क वेगळीच परीक्षा घेतो. कुरकुमिन पाण्यात जेमतेम विरघळतं, तटस्थ आणि अल्कधर्मी माध्यमात लवकर विघटित होतं आणि चमकतंही, त्यामुळे प्रकाश मोजणारं यंत्र गोंधळतं. लवंगेच्या तेलातला युजेनॉल उडतो आणि शेजारच्या खळग्यातही पोहोचतो, म्हणून उडणाऱ्या तेलांच्या वेळी प्लेटचं तोंड घट्ट बंद करतो आणि नमुने मोकळे अंतर सोडून ठेवतो.

सगळ्यांत जास्त समजूत काढावी लागते ती आकडा सांगताना. ‘काम करतं ना?’ असा प्रश्न येतो. कशाच्या तुलनेत, हे आधी ठरवावं लागतं. वनस्पतींच्या संशोधनात बऱ्याच जणांनी मानलेला दंडक असा, की कच्च्या अर्काची एमआयसी मिलिलिटरला 100 मायक्रोग्रॅमच्या खाली असेल तर पुढे पाहण्याजोगं, आणि 1 मिलिग्रॅमच्या वर असेल तर नाद सोडावा. आमच्याकडे येणाऱ्या अर्कांपैकी बरेच या दुसऱ्या बाजूला पडतात. ई. कोलायसारख्या ग्राम-निगेटिव्ह (बाहेरून आणखी एक आवरण असलेल्या) जीवाणूंवर तर जास्तच, कारण त्यांचं बाहेरचं आवरण आणि आत आलेलं बाहेर फेकणारे पंप. स्टॅफिलोकॉकस ऑरियसवर चांगला दिसलेला अर्क तिथे गारद होतो. ग्राहकाचा चेहरा उतरतो. तरी आम्ही नकारात्मक अहवालही सकारात्मक अहवालाइतकाच सविस्तर देतो, कंट्रोलच्या आकड्यांसह, म्हणजे तो कुणाला दुसरीकडे तपासता येतो.

या पंपांवरूनच आमचं अलीकडचं काम सुरू झालं. दारुहळदीच्या गणातल्या वनस्पतींत बर्बेरिन असतं. ते स्टॅफिलोकॉकसमध्ये शिरतं, पण नॉर-ए नावाचा पंप त्याला बाहेर काढतो. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं, की बर्बेरिस गणातल्याच वनस्पतीत मेथॉक्सीहायडनोकार्पिन नावाचं दुसरं द्रव्य असतं, ते स्वतः जीवाणू मारत नाही, पण पंप बंद करून बर्बेरिनला आत टिकू देतं. म्हणजे अर्कातले घटक वेगळे करत गेलं की गुण हरवू शकतो. आता आम्ही दोन घटकांच्या मात्रा उभ्या-आडव्या बदलत त्यांची जोडी तपासण्याचं काम घेतो. जोडीचा निर्देशांक (एकत्र लागणाऱ्या मात्रांची एकेकट्या मात्रांशी तुलना) 0.5 किंवा त्याहून कमी आला तरच परस्परपूरकता म्हणतो, त्याच्या वर आणि 4 पर्यंत आला तर ‘ठोस काही नाही’ असं स्पष्ट लिहितो.

वनस्पतीची ओळख पटवलेला नमुना, कोणता भाग, कोणत्या ऋतूत तोडला आणि कसा वाळवला, एवढं लेखी दिल्याशिवाय आता नोंदणीच होत नाही. ‘कडुलिंब’ एवढंच लिहिलेली पिशवी आली की दारातच विचारतो : पान, साल की बी?