एल रोसारियोची फुलपाखरं : आई-बाबांना घेऊन केलेली एक दिवसाची गाईडेड ट्रिप

मेक्सिको सिटीत राहणाऱ्या मराठी घरात पाहुणे आले की फिरायची यादी ठरलेलीच असते, तेओतिवाकानचे पिरॅमिड, फ्रिदाचं निळं घर, सोचिमिल्कोच्या रंगीत होड्या. आमच्या बाबांना यातल्या कशातच फारसा रस नव्हता. ते सोलापूरला कृषी खात्यात होते, आता रिटायर झालेत. एअरपोर्टवरून घरी येताना टॅक्सीतच म्हणाले, "ती कॅनडाहून येणारी फुलपाखरं इथेच कुठेतरी उतरतात ना गं? तिकडे कधी जायचं?" आई म्हणाली अहो आधी घरी तर पोचू द्या.

(व्हिसाचं बरेच जण विचारतात म्हणून सांगते, दोघांकडे अमेरिकेचा व्हिसा होता, भावाकडे जाऊन आले होते, त्यामुळे मेक्सिकोचा टुरिस्ट व्हिसा वेगळा काढावा लागला नाही.)

तर मोनार्क. कॅनडाचा दक्षिण भाग आणि अमेरिकेच्या पूर्वेकडची ही फुलपाखरं थंडी पडायला लागली की खाली निघतात, काही काही तर 4000 किलोमीटरहून जास्त उडून मेक्सिको सिटीच्या पश्चिमेला मिचोआकान आणि एस्तादो दे मेक्सिको या दोन राज्यांच्या डोंगरात येऊन बसतात. वजन जेमतेम अर्धा ग्रॅम. पोचतात नोव्हेंबरच्या सुरुवातीला, म्हणजे बरोबर इथल्या मृतांच्या सणाच्या आसपास, त्यामुळे इथली जुनी माणसं म्हणतात की गेलेली माणसंच घरी परत येतात. आई लगेच म्हणाली आपल्याकडे पित्रांना कावळा, यांच्याकडे फुलपाखरू, बरं आहे की.

अभयारण्यं साधारण नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत उघडी असतात पण म्हणून कधीही जाऊन उपयोग नाही. डिसेंबरात कडाक्याची थंडी, फुलपाखरं आपली झाडाला चिकटून गप्प बसलेली. फेब्रुवारीत ऊन तापायला लागतं, ती उडायला लागतात, पाणी प्यायला खाली उतरतात, जोड्या जमतात आणि मार्चमध्ये परतीला लागतात. म्हणून आम्ही फेब्रुवारीच धरला. त्यातही पहिल्या सोमवारी इथे संविधान दिनाची सुट्टी असते, तो लाँग वीकेंड कटाक्षाने टाळला कारण अख्खं शहर तिकडे लोटतं. मी सरळ मधल्या वारी रजा टाकली, आणि आदल्या आठवडाभर रोज हवामान बघून दिवस पक्का केला. माझ्या मते या ट्रिपमधलं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच आहे. एजन्सी कुठली, गाडी कुठली, जेवण काय, हे सगळं नंतर, आधी ऊन बघा.

ठिकाणं तीन-चार आहेत. मेक्सिको सिटीपासून जवळचं म्हणजे व्हाये दे ब्राव्होच्या बाजूचं पिएद्रा एर्रादा, पण तिथली चढण खडी आहे असं ऑफिसातल्या दोघी-तिघींनी सांगितलं. मिचोआकानमध्ये सिएर्रा चिंकुआ आणि एल रोसारियो. यातलं एल रोसारियो सगळ्यात प्रसिद्ध, फुलपाखरंही बहुतेक वर्षी तिथेच जास्त, आणि मुख्य म्हणजे घोडे मिळतात, तेव्हा आईचे गुडघे डोळ्यांसमोर ठेवून तेच ठरवलं. नवऱ्याचं म्हणणं होतं भाड्याची गाडी घेऊन आपणच जाऊ. मी साफ नाही म्हणाले. मिचोआकानचं नाव सुरक्षेच्या बाबतीत काही फार चांगलं नाही, रस्ते अनोळखी, त्यात बरोबर म्हातारी माणसं. टूरच बरी.

टूरवाल्यांना फोन करताना मी एकच प्रश्न आधी विचारायचे, वर कॉलनीपाशी, म्हणजे फुलपाखरं बसतात त्या झाडांपाशी, किती वाजता पोचवणार? एकाने मोठ्या उत्साहाने सांगितलं सकाळी आठला पोचवतो ताई, अजिबात गर्दी नसते. मी मनात म्हटलं गर्दी नसेलच, फुलपाखरंही झोपलेली असतील. हवेत थोडी ऊब आल्याशिवाय त्यांना पंख हलवता येत नाहीत, 10 अंशांच्या खाली तर ती उडूच शकत नाहीत. दुसऱ्यांनी सांगितलं अकराच्या आसपास गेटवर आणि बारापर्यंत वर, त्यांना लगेच पैसे भरले. लहान व्हॅन, इंग्लिश बोलणारी गाईड, तिकीट आणि जेवण त्यातच, घोड्याचे पैसे वेगळे आणि तेही रोख पेसोत.

पहाटे अंधारातच निघालो. सोलापूरच्या माणसांना थंडी म्हणजे काय हे मेक्सिको सिटीत आल्यावर थोडं कळलं होतं, तोलुकाला गाडी चहापाण्याला थांबली तेव्हा पूर्ण कळलं. बाबांनी कानटोपी, मफलर, वर माझ्या नवऱ्याचं जॅकेट असा सगळा जामानिमा केला. आईने पिशवीतून कडक भाकरी आणि शेंगाचटणी काढली आणि व्हॅनमधल्या एका जर्मन जोडप्यालाही दिली, त्यांनी ती चिप्स समजून खाल्ली आणि अजून मागितली. खिडकीतून नेवादो दे तोलुका, साडेचार हजार मीटरहून उंच ज्वालामुखी, बराच वेळ दिसत होता. पुढे सिताक्वारो, मग ओकाम्पो आणि मग वळणावळणाचा घाटरस्ता. ज्यांना गाडी लागते त्यांनी गोळी आधीच घ्या, आले-लिंबाने भागत नाही.

गेटपाशी गाव आहे, दुकानं, टपऱ्या, चुलीचा धूर. इथे शहरातून आलेली गाईड मागे राहते आणि गावातला गाईड पुढे होतो, त्याच्याशिवाय वर सोडतच नाहीत. मला ही पद्धत आवडली. ही जमीन एहिदोची आहे, म्हणजे गावकऱ्यांच्या सामाईक मालकीची, आणि तिकीट, घोडे, टपऱ्या या सगळ्यातून गावाला पैसे मिळतात. आधी हेच लोक इथली झाडं तोडून पोट भरायचे. एल रोसारियोचे व्यवस्थापक होमेरो गोमेस गोन्सालेस हे स्वतः लाकूडतोडीच्या घरातले, नंतर जंगल वाचवायला उभे राहिले, जानेवारी 2020 मध्ये ते बेपत्ता झाले आणि दोन आठवड्यांनी विहिरीत त्यांचा मृतदेह सापडला. बाबांनी हे वाचलं होतं. गेटमधून आत जाताना त्यांनी टोपी काढली, कुणाला काही बोलले नाहीत.

आईचं घोड्यावरून सुरू झालं. जेजुरीच्या पायऱ्या चढलेली बाई आहे मी, घोडा कशाला. पण जेजुरी कुठे आणि 3000 मीटर कुठे, इथे पन्नास पावलांत धाप लागते, तरण्याताठ्यांना लागते. शेवटी घोडेवाल्या पोराने स्टूल आणून ठेवलं, हात पुढे केला, आणि आई बसली. पूर्ण वाटभर ती घोड्याशी मराठीत बोलत होती, हळू रे बाळा, बघून टाक पाय. बाबा आणि आम्ही चालत. वाटेला पायऱ्या केलेल्या आहेत, त्या संपत नाहीत, दर वळणावर थांबायचं, घोटभर पाणी, पुन्हा पुढे. घाई करू नका एवढंच सांगेन, आणि बीपीची गोळी घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारा. आई-बाबांना शहरात येऊन बरेच दिवस झाले होते, उंचीची सवय झाली होती, त्याचा फायदा झाला, विमानातून उतरल्या उतरल्या दुसऱ्या दिवशी ही ट्रिप करणं म्हणजे अंगावर दुखणं ओढवून घेणं.

घोडा शेवटपर्यंत जात नाही, शेवटचा टप्पा सगळ्यांनाच पायी. तिथे दोरी बांधलेली, आणि शांत राहा अशी पाटी. ओयामेल नावाची उंच सरळ झाडं, ख्रिसमस ट्रीच्या जातीतली. आम्ही पोचलो तेव्हा नेमका ढग आला होता. फुलपाखरं कुठेच दिसेनात. नवरा माझ्याकडे बघायला लागला. बाबा म्हणाले, या झाडांना पानं वाळून लटकलीत एवढी, रोग पडलाय की काय. तर गावातला गाईड हसला आणि बोट दाखवून म्हणाला, तीच आहेत. पंख मिटलेली, मळकट तपकिरी, एकावर एक, फांदी दिसू नये इतकी दाट. फांद्या वजनाने खाली वाकलेल्या. एकदा कळल्यावर मग जिकडे बघावं तिकडे तेच, बुंध्यांवरसुद्धा.

बाबांचं लक्ष मात्र खाली होतं. वाटेच्या कडेला एक फुलपाखरू जमिनीवर पडलं होतं, पंख थरथर थरथर, आम्हाला वाटलं गेलं आता. गाईडने सांगितलं ते मरत नाहीये, गरम होतंय. उडायचे स्नायू असे हलवून अंगात ऊब आणतात. बाबा त्याच्यासमोर उकिडवे बसले ते उठेचनात. फुलपाखरू हळूहळू सरपटत गवताच्या काडीपाशी आलं आणि काडीवर चढायला लागलं, घसरलं, परत चढलं. रात्री जमिनीवर राहिलं तर गारठून मरतं म्हणून वर चढायची ही धडपड. मागच्या पंखावर एक काळा ठिपका होता, म्हणजे नर, मादीला तो नसतो.

बाजूलाच नुसते पंख पडले होते, धड गायब. ते पक्ष्यांचं काम. मोनार्कची अळी मिल्कवीडची पानं खाते, त्या चिकातलं विष फुलपाखराच्या अंगात उतरतं म्हणून बहुतेक पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत, पण इथले दोन जातीचे पक्षी ते पचवतात किंवा विषारी भाग टाळून खातात. चिकाचं ऐकल्यावर बाबा खूश. म्हणाले अगं म्हणजे आपली रुईच ही, शनिवारी मारुतीला वाहतो ती, त्याच कुळातली. आपल्याकडे रुईवर ते केशरी प्लेन टायगर असतं ना, ते याचं सख्खं चुलत भावंड. हे बरोबर आहे, मी घरी येऊन वाचलं. गाईडला ते मी मोडक्या स्पॅनिशमध्ये सांगितलं, त्याने मारुती कोण ते विचारलं, त्याचं उत्तर मात्र मला देता आलं नाही.

मग ऊन आलं. मी व्हिडिओ खूप पाहिले होते तरी ते तसं नव्हतं, कारण व्हिडिओत आवाज येत नाही. आधी एका फांदीवरचे पंख उघडले, मळकट रंगाचा एकदम केशरी झाला, मग शेजारची फांदी, आणि मग अख्खा घोस सुटला आणि आकाशच भरून गेलं. आणि आवाज. आईच म्हणाली, सुपात ज्वारी पाखडताना येतो तसा येतोय बघ, आणि खरंच तसाच, बारीक, सतत. एवढी माणसं होती पण कुणी बोलत नव्हतं, शाळेच्या सहलीला आलेली मुलंसुद्धा. मग परत ढग आला तशी सगळी झाडाला जाऊन बसली, परत ऊन, परत उडाली. हे किती वेळ चाललं मला सांगता येणार नाही. गर्दीच्या दिवशी थोड्याच मिनिटांत पुढे सरकवतात असं ऐकलं होतं, आम्हाला मधल्या वारी कुणी हाकललं नाही.

फ्लॅश चालत नाही, हात लावायचा नाही, मेलेलं फुलपाखरूसुद्धा उचलून आणायचं नाही. पायाखाली बघत चाला, खाली जिवंत पुष्कळ असतात.

उतरताना बाबांनी गाईडला विचारलं पूर्वीपेक्षा कमी झालीत का. इथे नग मोजत नाहीत, किती हेक्टर जंगल त्यांनी व्यापलं ते मोजतात. 1996-97 च्या हिवाळ्यात 18 हेक्टरहून जास्त होतं, 2013-14 मध्ये 0.67 वर आलं, 2023-24 ला 0.90 आणि त्याच्या पुढच्या वर्षी 1.79. कारणं बरीचशी वर उत्तरेतच आहेत, शेतांत तणनाशकं मारून मिल्कवीड संपवलं, दुष्काळ, इकडे चोरटी तोड. झाडं विरळ झाली की वरून पाणी थेट अंगावर पडतं आणि भिजलेलं फुलपाखरू लवकर गारठतं, जानेवारी 2002 च्या वादळात अशीच कोट्यवधी मेली. तणनाशकाचं ऐकून बाबा बराच वेळ गप्प होते. नोकरीत असताना त्यांनी स्वतः शेतकऱ्यांना फवारणीचे डोस समजावलेले आहेत.

आणखी एक गोष्ट मला भारी वाटते. वरून येणारी ही पिढी सातआठ महिने जगते, तिच्या आधीच्या पिढ्या काही आठवडेच. म्हणजे इथे येणाऱ्यातलं कुणीच याआधी इथे आलेलं नसतं, पणजोबा कधीतरी येऊन गेलेला. तरी त्याच डोंगरांवर येतात. ती हिवाळ्यात जातात कुठे हे बाहेरच्या जगाला 1975 मध्ये कळलं, त्यांच्या शोधात फिरणाऱ्या केन ब्रगर आणि कातालिना आग्वादो यांना सेर्रो पेलोन या डोंगरावर सापडली तेव्हा. गावकऱ्यांना आधीपासून माहीतच होती म्हणा.

खाली जेवण. शाकाहारी लोकांनी घाबरू नये, निळ्या मक्याच्या केसादिया, म्हणजे सारण भरून दुमडलेल्या पोळ्या, तव्यावर समोर करून देतात, भोपळ्याच्या फुलांच्या घ्या, निवडुंगाच्या घ्या. घेवड्याची उसळ मात्र विचारून घ्या, बऱ्याच ठिकाणी ती डुकराच्या चरबीत करतात. कॉफी दालचिनी आणि गूळ घालून उकळलेली, मातीच्या भांड्यात, आईने दोनदा घेतली.

शहरात परत यायला रात्र झाली, तोलुकाच्या पुढे ट्रॅफिक होताच. पैशांचं म्हणाल तर सुटे पेसो भरपूर ठेवा, वर कार्ड चालत नाही, टॉयलेटलासुद्धा सुटे लागतात. गावातल्या गाईडला आणि घोडेवाल्या पोराला टीप वेगवेगळी द्या, एकत्र दिली तर वाटणी कशी होते देव जाणे. बूट जुने पण पकड असलेले घाला कारण धूळ मरणाची असते, आणि ऊन आलं की तासाभरात गरम व्हायला लागतं तेव्हा एकच जाड जॅकेट घालण्यापेक्षा दोन-तीन पातळ थर बरे. आणि बुकिंग करताना पहिल्याच फोनला विचारा, आदल्या दिवशी ढग दिसले तर तारीख बदलून देणार का. आमच्या टूरवाल्यांनी हो म्हटलं होतं, तसं लेखी मेसेजवर घेऊन ठेवलं होतं मी.